धुतलेले निरोप

काचवाल्याच्या दुकानात बाप आणि मुलगा नऊ वर्षं एकमेकांशी फक्त तीन शब्द बोलत होते, आणि तेही धंद्याचा नियम म्हणून. काचेची शीट हातात घेऊन कुणाच्या पाठीमागून जायचं असेल, तर आधी खणखणीत आवाजात "काच!" अशी हाक द्यायची. ज्याच्या कानावर ती पडेल त्याने "थांबलो" म्हणायचं आणि आहे तिथे खिळून उभं राहायचं. बाजूला व्हायचं नाही, वळून बघायचं नाही, शिंक आली तरी गिळायची. शीट पुढे निघून गेली की नेणारा "चला" म्हणणार, तेव्हाच हलायचं. काच उभ्या माणसाला कापत नाही, वळणाऱ्याला कापते, असं म्हातारा सांगत असे.

शीट वाहायचं काम मुलाचं, म्हणून "काच" आणि "चला" त्याच्या वाट्याला. म्हातारा टेबलाशी उभा राहून काच कापायचा, म्हणून "थांबलो" त्याच्या वाट्याला. दिवसातून दहा-वीस वेळा हे तीन शब्द दोघांमध्ये फिरायचे. त्यापलीकडे एकाच्या तोंडून दुसऱ्यासाठी अवाक्षर निघत नसे. उरलेला सगळा संसार आणि सगळा धंदा सुनेमार्फत चालायचा.

मार्फत म्हणजे कसं, तर दुकान जेमतेम बारा फूट लांब, वर राहायचं घर. एका टोकाला म्हातारा, दुसऱ्या टोकाला मुलगा, आणि मध्ये सून पुट्टी मळत बसलेली. म्हातारा टेबलावरची मान वर न करता म्हणायचा, "त्याला म्हणावं, दारातली फ्रेम उचल." मुलगा दाराकडे बघत म्हणायचा, "त्यांना म्हणावं, गिऱ्हाईक येतंय, ते नेणार आहे." हे बोलणं दोघांनाही स्वच्छ ऐकू यायचं. तरी सुनेने एकदा इकडे आणि एकदा तिकडे मान हलवल्याशिवाय ते पोचलं असं धरत नसत. नवीन गिऱ्हाइकांना वाटायचं, दोघंही ठार बहिरे आहेत. जुनी गिऱ्हाइकं सुनेला "पोस्ट ऑफिस" म्हणायची, आणि तीही हसून घ्यायची. न हसून सांगते कुणाला?

हे काम तिला सासूकडून मिळालं होतं. इतर घरांत सासू सुनेला दागिने देते, कुलपाची किल्ली देते. हिला निरोप मिळाले. सासूने सहा वर्षं ते काम केलं, आणि मरायच्या आधी सुनेला जवळ बसवून त्याची रीत सांगितली. "जसाच्या तसा निरोप कधी न्यायचा नाही, पोरी. धुऊन न्यायचा. खालून वर तेरा पायऱ्या आहेत, तेवढ्यात धुऊन होतो. आणि एकाच खोलीत असले, तर आधी खोकायचं. खोकण्यातही धुता येतं."

सून हुशार होती, लवकर शिकली. म्हातारा म्हणायचा, "त्या ठोंब्याला विचार, डोळे फुटलेत का? शीट सूतभर आखूड आणलीय." तिचा निरोप व्हायचा, "अहो, बाबा म्हणतायत एकदा माप बघून घ्या." नवरा म्हणायचा, "त्यांना म्हणावं, एवढीच कटकट असेल तर मी दुसऱ्याच्या दुकानात हमाली करीन." ती वर जाऊन सांगायची, "ते म्हणाले, बघतो." अशी दोन माणसं तिने तीन वर्षं एका छपराखाली धरून ठेवली होती. तिला वाटायचं, आपण फार पुण्याचं काम करतोय.

भांडणाचं मूळ टेबलाशीच होतं. नऊ वर्षांपूर्वी काच कापायचा हिरा मुलाच्या हातात असायचा. त्याच्यासारखा गोल काप अख्ख्या बाजारात कुणाला जमत नव्हता. एके सकाळी तो टेबलावर वाकला होता आणि म्हातारा दारातल्या गिऱ्हाइकाशी हसत-बोलत शीट घेऊन त्याच्या पाठीमागून निघाला. मुलगा सरळ झाला, वळला, आणि शीटच्या कडेने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आतल्या शिरेपर्यंत उघडली. रक्त जमिनीवर पडायच्या आधी म्हातारा ओरडला, "हाक दिली होती मी! वळलास कशाला?" मुलगा म्हणाला, "हाक दिली नव्हती." गिऱ्हाईक घाबरून कधीच पसार झालं होतं. तिसरा साक्षीदार नव्हता.

बोटं जोडली गेली, पण वाकेनात. हिरा परत बापाच्या हातात गेला आणि मुलगा शीट वाहू लागला. काचवाल्याने हाक न देणं म्हणजे त्या धंद्यात तोंड काळं होण्यासारखं. म्हातारा म्हणत राहिला की मी हाक दिली होती. मुलगा एकदाच म्हणाला की आता बापाने कबूल केल्याशिवाय मी त्याच्याशी बोलणार नाही. म्हातारा म्हणाला, कबूल करायला झालंय काय? तिथून पुढे ज्याने आधी तोंड उघडलं तो हरला, असा न सांगितलेला नियम घरात लागू झाला. तो कुणी ठरवला नाही, पण दोघांनी काटेकोर पाळला. कधी नव्हे ते बाप-लेकाचं एकमत झालं, ते यावर.

आता सुनेची चूक सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी येऊन अडलं.

सासू गेली त्याच्या दुसऱ्या महिन्यात घर भकास झालं होतं. दोघं जण दोन कोपऱ्यांत जेवायचे. एक दिवस तिला राहवलं नाही. ती खाली गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "बाबा म्हणाले, त्या दिवशी चूक माझी होती." निरोप धुतलेला नव्हताच, अख्खा घरी विणलेला होता. तिने मनाशी हिशेब केला होता की नवरा वर जाईल, बापाच्या समोर उभा राहील, आणि समोरासमोर आल्यावर रक्त रक्ताला ओळखेल. अशा गोष्टी लोक सांगतात खऱ्या.

नवरा वर गेला. हातातलं काम टाकून, दोन-दोन पायऱ्या एकदम चढत गेला. बापाच्या समोर जाऊन उभा राहिला. म्हाताऱ्याला कशाचाच पत्ता नव्हता. त्याने चष्म्यातून वर पाहिलं आणि दाराशी पोचलेल्या सुनेला म्हणाला, "त्याला विचार, खाली काम संपलं का सगळं?"

नवरा तसाच खाली उतरला. त्या दिवसापासून ती काही गोड सांगू लागली की तो तिच्याकडे न बघता विचारायचा, "हे त्यांचं की तुझं?" ती "त्यांचं" म्हणायची. तो "बरं" म्हणायचा, आणि त्या "बरं"मध्ये विश्वास औषधालाही नसायचा.

यंदा म्हाताऱ्याच्या छातीत पाणी झालं. दोनदा काढलं, तिसऱ्यांदा डॉक्टरांनी सुनेला बाहेर बोलावून सांगितलं की आता घरीच ठेवा, आठ-पंधरा दिवस आहेत. म्हाताऱ्याला दुकानाच्या वरच्या खोलीत खाट घालून दिली. उशाशी खिडकी होती, पण त्याने तोंड जिन्याकडे करून मागितलं. खालचे आवाज तिथून ऐकू यायचे.

सेवेत मुलाने कसूर केली नाही, हे सांगायलाच हवं. रोज सकाळी तो वर यायचा, बापाच्या काखेखाली हात घालून त्याला उचलायचा, मोरीत न्यायचा, अंग पुसायचा, धुतलेला सदरा चढवायचा. म्हातारा त्याच्या गळ्यात हात टाकून असायचा. दोघांचे गाल चार बोटांवर, आणि तोंडं शिवलेली. मुलगा सुनेला म्हणायचा, "त्यांना म्हणावं, डावा हात वर करा." सून म्हणायची, "बाबा, डावा हात." मग म्हातारा हात वर करायचा. तिला तेव्हा दोघांच्याही मुस्कटात द्यावीशी वाटायची, आणि लगेच डोळे भरून यायचे.

पाचव्या दिवशी, सकाळचं सगळं आटोपून मुलगा खाली गेल्यावर, म्हाताऱ्याने तिला खुणेने जवळ बोलावलं. आवाज बसला होता. एक वाक्य बोलायचं तर मध्ये दोनदा थांबावं लागायचं.

"पोरी, त्याला एक सांगायचंय."

"सांगा ना, बाबा."

"त्या दिवशी... मी हाक दिली नव्हती."

तिने कान त्याच्या तोंडाशी नेला.

"गिऱ्हाइकाशी बोलण्याच्या नादात राहिली. मला तेव्हाच कळलं होतं. तोंडातून दुसरंच निघून गेलं... मग ते परत गिळता येईना." त्याने श्वास घेतला. "पोराचा हात गेला माझ्यापायी. जा, सांग त्याला. जसंच्या तसं सांग."

जसंच्या तसं. तिच्या हातून कधी न झालेली गोष्ट. ती जिना उतरताना पायऱ्या मोजत राहिली, एक अक्षर इकडचं तिकडे होऊ नये म्हणून ओठांनी निरोप घोकत राहिली. नवरा दाराशी आरशाच्या मागे कागद चिकटवत होता.

"अहो. बाबा म्हणाले, त्या दिवशी मी हाक दिली नव्हती. म्हणाले, पोराचा हात गेला माझ्यापायी."

त्याचा हात थांबला. क्षणभर तिला वाटलं, लागलं. मग त्याने कागदाचं दुसरं टोक ताणून चिकटवलं.

"हे त्यांचं की तुझं?"

"त्यांचं. शपथ घेते."

"मागच्या वेळी पण त्यांचंच होतं ना?"

"मागच्या वेळी खोटं बोलले मी. कबूल. या वेळी नाही हो!"

"हे बघ," तो शांतपणे म्हणाला, "तू वाईट नाहीस. आईपण वाईट नव्हती. ती बापाच्या शिव्यांना साखर लावून आणायची आणि मी लहान पोरासारखा चघळायचो. पण मला आता साखर नको. त्यांना बोलायचं असेल तर त्यांना तोंड आहे. रोज सकाळी माझ्या कानाला लागलेलं असतं."

यात तरी काय चूक होतं? ती वर गेली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिने निरोप न धुता म्हाताऱ्याच्या हवाली केला. "ते म्हणतात, त्यांना तोंड आहे. बाबा, त्यांचा माझ्यावर विश्वास नाही. माझंच चुकलंय मागे. तुम्हालाच बोलावं लागेल."

म्हाताऱ्याने पांघरूण छातीवर ओढून घेतलं. "उद्या सकाळी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने त्याला उचललं. सून मुद्दाम दाराआड उभी राहिली, मध्ये नको म्हणून. म्हाताऱ्याने मुलाच्या खांद्यावरून तोंड उघडलं. जीभ हलली, आणि त्याला असा खोकला लागला की मुलाला त्याला मोरीतून तसंच परत आणावं लागलं. नऊ वर्षं वापरलं नाही तर लोखंडी कुलूपही उघडत नाही. खोकला थांबल्यावर मुलाने बापाच्या पाठीवर दोनदा हात फिरवला. मग दाराकडे तोंड करून म्हणाला, "त्यांना म्हणावं, बोलू नका, दम जाईल."

तो खाली गेल्यावर सून खाटेपाशी बसली. तिला रडू आवरत नव्हतं. "बाबा, एवढी हाक मारा ना त्यांना. नावाने मारा. फक्त नाव घ्या, पुढचं नको."

"नाव..." म्हातारा म्हणाला, "नाव तोंडात येत नाही गं आता."

दुपारी त्याचं अंग गार पडायला लागलं. नखं निळी दिसायला लागली. दम पोटातून वर चढत होता. सासूच्या वेळी तिने हे पाहिलं होतं, त्यामुळे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती जिना निम्मा उतरली आणि तिथूनच ओरडली, "अहो, आधी वर या! बाबांचं काही खरं नाही. ते बोलणार आहेत तुमच्याशी!"

नवरा दुकानाच्या मधोमध होता. शटरएवढा आरसा त्याच्या हातात, कडेला फडकं धरलेलं. तो आरसा दारातल्या हातगाडीवर चढवायचा होता. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर तीच जुनी शंका, पण तिच्याखाली भीतीही होती, हे तिला स्पष्ट दिसलं. तो येणार होता. ती पुढे आयुष्यभर हे शपथेवर सांगत राहिली की तो येणार होता.

"हातातलं ठेवतो," तो म्हणाला, "आणि आलो."

तेवढ्यात वरून आवाज आला.

"काच!"

तो आजाऱ्याचा आवाज नव्हता. भरल्या बाजारात चार दुकानांपलीकडे पोचणारी, तिने लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा ऐकलेली, म्हाताऱ्याची जुनी हाक होती. नऊ वर्षांत त्याने ती एकदाही दिली नव्हती. त्याच्या हातात शीटच नसायची, तर देणार कशाला? मुलाचं नाव जिभेवर येत नव्हतं, म्हणून जे येत होतं ते त्याने दिलं. त्या दिवशी राहून गेलेली हाक होती ती.

आणि मुलगा थांबला.

विचार करून थांबला नाही. ज्या हाडांत ही हाक लहानपणापासून मुरली होती, ती हाडं थांबली. आरसा छातीशी, मान सरळ, नजर समोर. ओठांतून आपोआप निघालं, "थांबलो."

"अहो, बोलावतायत ते! या ना!" सून जिन्यातून किंचाळली. तो हलला नाही. हाक कुणाची आणि कुठल्या दिवसाची, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि समोरच्या आरशाच्या कडेवर ठिबकत होतं. पण पाय उचलत नव्हते. बापाने हाक दिली होती आणि तो उभा होता. नऊ वर्षांपूर्वी दोघांनी जे करायला हवं होतं, ते आत्ता दोघं नीट, बिनचूक करत होते.

ती एकटीच वर धावली. म्हातारा कोपरावर उठून बसल्यासारखा झाला होता, तोंड जिन्याच्या दिशेला. तिने हात लावला तेव्हा मान तिच्या हातात आली. नाकाशी बोटं धरली. छातीवर कान ठेवला. खालून आलेला "थांबलो" त्याला ऐकू गेला की नाही, हे कळायला काही मार्ग उरला नव्हता. तिने त्याला उशीवर टेकवलं, डोळे मिटवले, आणि खाली आली.

तेरा पायऱ्या. सवयीने तिचं डोकं कामाला लागलं होतं. काय सांगायचं, कसं सांगायचं. "तुमचं नाव घेतलं हो शेवटी." "ऐकलं त्यांनी, हसले." असे चार-पाच निरोप शेवटच्या पायरीपर्यंत तयार झाले, एकाहून एक चांगले.

नवरा तिथेच उभा होता. आरशाच्या वजनाने दंड थरथरत होते, न वाकणारी दोन बोटं पांढरी पडली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. ऐकणाऱ्याने वळायचं नसतं.

"'चला' म्हणाले का?" त्याने विचारलं.

बाप काय म्हणाला, हे नऊ वर्षांत त्याने पहिल्यांदा आपणहून विचारलं होतं. ती जवळ गेली. आरशाचं दुसरं टोक तिने दोन्ही हातांनी धरलं.

"नाही," ती म्हणाली. "'चला' नाही म्हणाले."

त्याने मान हलवली. हे तुझं की त्यांचं, असं या वेळी विचारलं नाही.